लेआउटवर बंब, रुग्णवाहिका आणि ट्रक: गाडी का उभी आहे ते आधी ठरवा

मॉडेल रेल्वेत आगगाडी धावते आणि रस्ता थिजलेला असतो. इंजिन वळणावरून येतं, डबे खडखडत निघून जातात आणि शेजारच्या रस्त्यावर भरधाव निघालेला आगीचा बंब गेली दोन वर्षं त्याच विजेच्या खांबापाशी असतो. बघणाऱ्याचं लक्ष एकदा तिकडे गेलं की सगळा देखावा खेळण्याचा वाटायला लागतो. माझ्या पहिल्या लेआउटवर, म्हणजे रूळ, रस्ते आणि घरं मांडलेल्या देखाव्यावर, हेच झालं होतं. बंब छान होता, रंगही छान होता, पण तो ‘धावत’ होता.

तेव्हापासून मी एकच नियम धरलाय. खऱ्या जगात ज्या जागी गाडी पाच-दहा मिनिटं उभी राहते, त्याच जागी लेआउटवर ती ठेवायची. फाटकापाशी, मालधक्क्याला, सिग्नलला, अग्निशमन केंद्राच्या दारात, अपघाताच्या ठिकाणी. नवीन माणूस आधी गाडी विकत घेतो आणि मग तिला जागा शोधतो. तुम्ही उलट करा.

पहिलं काम: फूटपट्टी

मॉडेल गाड्यांच्या दुनियेत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या मापामुळे. मॉडेल रेल्वेच्या मापांना ठरलेली नावं आहेत: एचओ म्हणजे १:८७ (खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं), एन म्हणजे १:१६०, ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, एस म्हणजे १:६४. खेळण्यांच्या दुकानातल्या छोट्या धातूच्या गाड्या साधारण १:६४ च्या आसपास असतात, पण तेही पक्कं नाही. त्या खोक्याच्या मापाच्या असतात. मोटार, बस आणि बंब, तिन्ही एकाच लांबीच्या खोक्यात बसवायचे म्हटल्यावर प्रत्येकाचं प्रमाण वेगळं होणारच.

म्हणून लेबलवर विसंबू नका, मोजा. खरा बंब किंवा मोठा ट्रक आरशांशिवाय साधारण अडीच मीटर रुंद असतो. त्याला ८७ ने भागलं की एचओमध्ये २९ मिलिमीटर येतात, १६० ने भागलं की एनमध्ये साडेपंधरा. आठ मीटर लांबीचा बंब एचओत ९२ मिलिमीटर, एनमध्ये ५०. चाळीस फुटी कंटेनर एचओत १४० मिलिमीटर भरतो. ही चार-पाच मापं एका पुठ्ठ्यावर आखून ठेवा आणि गाडी घेताना त्यावर धरून बघा.

किती फरक चालतो? एनमध्ये जपानी गाड्या १:१५० च्या असतात, ब्रिटिश १:१४८ च्या, आणि १:१६० च्या शेजारी त्या खपून जातात. सात-आठ टक्के डोळ्याला कळत नाहीत. पण १:६४ चा बंब १:८७ च्या लेआउटवर ठेवला तर तो प्रत्येक दिशेने छत्तीस टक्के मोठा, म्हणजे आकारमानाने अडीचपट. ड्रायव्हर खाली उतरला तर आठ फुटी निघेल. १:७६ आणि १:८७ एकत्र वापरायचेच असतील तर मोठी गाडी पुढच्या कडेला आणि लहान गाडी पार्श्वभूमीच्या भिंतीजवळ ठेवा. त्याने उलट देखाव्याची खोली वाढल्यासारखी वाटते. दोन्ही शेजारी शेजारी मात्र कधीच नकोत.

रस्ताही मोजा. साडेतीन मीटरची एक मार्गिका एचओत ४० मिलिमीटर होते, म्हणजे दुहेरी रस्ता ८० मिलिमीटर. रुळांना जागा देता देता आपण रस्ता साठवर आणतो आणि मग ट्रक सुजलेला दिसतो. दोष ट्रकचा नसतो.

दुसरं: काळ आणि देश

इथे थोडक्यात आटोपतो, पण टाळू नका. वाफेचं इंजिन आणि एलईडी पट्टीची पोलीस गाडी एकाच चौकात दिसली की जाणकार हसतो.

टपावरचे दिवे सगळ्यात आधी चुगली करतात. जर्मनीत निळा दिवा १९३८ पासूनचा. अमेरिकेत लाल, निळा किंवा दोन्ही, राज्याप्रमाणे. जपानमध्ये पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका, सगळ्यांना लालच. उजळ निळे एलईडी १९९० च्या दशकात आले, त्याआधीच्या गाड्यांवर फिरता दिवा हवा. अमेरिकी रुग्णवाहिकेवरचा सहा हातांचा निळा तारा १९७० च्या दशकातला. त्याआधी तिथे कॅडिलॅक मोटारीच्या लांब चासीवर (चाकांवरच्या सांगाड्यावर) बांधलेल्या रुग्णवाहिकाही सर्रास असत. ब्रिटनमधले पिवळ्या-निळ्या, पिवळ्या-हिरव्या चौकटींचे पट्टे १९९० च्या दशकातले. बंब लालच असतो असंही नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात कितीतरी ठिकाणी ते पोपटी-पिवळे झाले होते.

ज्या देशाचा लेआउट करताय, तिथल्या त्या वर्षांतल्या रस्त्याचे दहा फोटो समोर ठेवा. दहा पुरतात.

गाड्यांचं म्हणाल तर एचओमध्ये हेर्पा, विकिंग, बुश, रिएत्झे या जर्मन नावांकडे बंब-रुग्णवाहिकांची भरपूर निवड असते. अमेरिकी गाड्यांसाठी अ‍ॅथर्न आणि वॉल्थर्स, ब्रिटिश मापांत ऑक्सफर्ड, जपानी १:१५० मध्ये टोमीटेक. सुरुवातीला तीन गाड्या घ्या: एक बंब, एक रुग्णवाहिका, एक ट्रक. दहा घेतल्यात तर दहाही अर्धवट राहतील, हे अनुभवाने सांगतो.

तिसरं: प्रसंग

सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात परिणामकारक प्रसंग म्हणजे बंद फाटक. फाटकाबाहेर रुग्णवाहिका, टपावर दिवा लुकलुकतोय, पुढे एक ट्रक, मागे दोन मोटारी. इतकंच. आता आगगाडी धावायला लागली की ती रुग्णवाहिका का थांबलीये हे सांगावं लागत नाही, आगगाडीच ते सांगते. मालगाडी लांबलचक असली तर बघणारा अक्षरशः डबे मोजायला लागतो. रस्त्यावरच्या गाडीला रुळांशी जोडणारा याहून स्वस्त मार्ग मला सापडलेला नाही.

फाटकावर उतार हलका ठेवा. रस्ता एकदम चढला तर लांब ट्रेलरचं पोट टेकतं, आणि मॉडेलमध्येही ते दिसतं. थांबण्याची रेषा आखा आणि गाडी रेषेच्या अलीकडे ठेवा.

दुसरा प्रसंग अग्निशमन केंद्राचा. बंब नेहमी मागे घेऊन लावलेला असतो, तोंड रस्त्याकडे. दारापुढे निदान एका गाडीच्या लांबीचं मोकळं आवार हवं, नाहीतर खरा बंब तिथून वळूच शकणार नाही. मोठ्या गाडीला वळायला बाहेरच्या बाजूने साधारण बारा मीटर त्रिज्या लागते, एचओत जवळपास १४ सेंटिमीटर. पुठ्ठ्याचा तेवढा चतकोर कापून रस्त्यावर ठेवा. तो इमारतीवर आदळत असेल तर केंद्राची जागा बदला.

माझ्या केंद्रात आग लागलेली नाही, घंटा वाजलेली नाही. दोन जवान बंब धुताहेत. एकाच्या हातात होजपाईप, दुसरा गुडघ्यावर बसून मागचं चाक घासतोय. बंबाखालची फरशी गडद राखाडी रंगवली आणि तिच्यावर चकचकीत वार्निशचे दोन हात दिले, कडा बोटाने पसरवून वेड्यावाकड्या केल्या. एक बारीक ओघळ गटाराच्या जाळीपर्यंत नेला. एवढ्या ओघळासाठी पूर्ण संध्याकाळ गेली, पण सगळ्यात जास्त फोटो त्याचेच काढले जातात.

आगीचा प्रसंग करायचाच असेल तर तीन चुका टाळा. पहिली, बंब भिंतीला चिकटवू नका. भिंत कोसळली तर कुठवर येईल हे धरून जवान इमारतीच्या उंचीच्या साधारण दीडपट अंतर राखतात. लेआउटवर तेवढी जागा नसते, पण बंब निदान कोपऱ्याकडे सरकवा. दुसरी, शिडी वर आणि टेकू आत. ही चूक इतकी सर्रास दिसते की मी आता मोजणं सोडलंय. शिडीची गाडी बाजूचे चारही पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवल्याशिवाय शिडी उचलत नाही. मॉडेलमध्ये पाय निघत नसतील तर प्लास्टिकच्या पट्टीचे करून लावा, खाली चौकोनी फळी द्या. तिसरी चूक होजपाईपची. पाण्याने भरलेला पाईप गोल, ताठर आणि मोठ्या वळणांचा असतो, रिकामा पाईप चपटा पडलेला. एचओमध्ये भरलेल्या पाईपासाठी पाऊण मिलिमीटर जाडीचा सुती दोरा पातळ गोंदात भिजवून ओला असतानाच वळवा. आणि पाईप रुळांवरून नेऊ नका, पहिलीच आगगाडी तो कापेल. खरे जवान अशा वेळी पाईप दोन स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधून रुळाखालून काढतात. तसं केलंत तर तो बारकावा रेल्वेवाल्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

अपघाताच्या प्रसंगात गाड्यांचा क्रम महत्त्वाचा. मागून येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला बंब किंवा पोलीस गाडी तिरकी आडवी, म्हणजे ती ढाल होते. त्यापुढे ठोकलेली गाडी, आणि तिच्याही पुढे, सुरक्षित बाजूला रुग्णवाहिका, मागचं दार उघडं. तिरक्या रेषेत वाहतुकीचे शंकू. मग बघे. अख्ख्या लेआउटवर असा एकच प्रसंग पुरे. एका गावात एकाच वेळी आग, अपघात आणि चोरी झाली की ते गाव राहत नाही.

ट्रकचं काम यापेक्षा सोपं, कारण रेल्वे आणि ट्रक यांचं नातं मुळातच मालाचं आहे. मालधक्क्याला ट्रकची पाठ लागलेली हवी. धक्क्याची उंची साधारण १.२ मीटर धरली तर एचओत १४ मिलिमीटर, आणि ट्रकचा हौदा त्याच पातळीवर यायला हवा. मालगाडीच्या वाघिणीतून (डब्यातून) जो माल उतरतो तोच ट्रकवर चढताना दाखवा: सिमेंटची पोती, ओंडके, कंटेनर. नुसता ट्रेलर उभा करायचा असेल तर पुढचे आधाराचे पाय खाली उतरवलेले दाखवा. वाळूसाठी चाळलेली बारीक वाळूच वापरा, ओंडक्यांसाठी वाळक्या काटक्या. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपरचा एक पदर पातळ गोंदात भिजवून मालावर पसरा, सुकल्यावर मळकट रंग द्या. सुरकुत्या आपोआप पडतात.

चौथं: खेळण्याची चमक घालवणं

गाडी खोलून घ्या. बहुतेक एचओ गाड्यांची बॉडी चासीवर खटक्याने बसवलेली असते. लाकडी दातकोरणीने हळूच उचला, पोलादी पातं आत घालू नका. काचा बाहेर काढता आल्या तर पुढचं सगळं सोपं होतं.

टायरपासून सुरुवात करा. प्लास्टिकचे टायर काळे कुळकुळीत असतात, रस्त्यावरचा टायर मात्र राखाडी. गडद राखाडी मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगाचा एक हात द्या. मग टायरचा जमिनीला टेकणारा भाग कानशीने अगदी अर्धा मिलिमीटर सपाट करा. गाडीला एकदम वजन येतं. शक्य असेल तर पुढची चाकं किंचित वळवा. उभ्या गाडीची चाकं नाकासमोर सरळ क्वचितच असतात.

आत बघा. केबिनमध्ये ड्रायव्हर आहे का? दिवा लुकलुकणाऱ्या रिकाम्या रुग्णवाहिकेइतकं भुताटकीचं काही नसतं. बसलेली आकृती मिळाली तर उत्तम, नाहीतर उभ्या आकृतीला कमरेतून कापा, खिडकीतून खालचं काही दिसत नाही.

नंबरप्लेट, वायपर, आरसे, मागचे लाल दिवे रंगवा. युरोपीय नंबरप्लेट एचओत जेमतेम सहा मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर उंच होते. ती वाचता येत नाही, पण नसली तर खटकते. स्वतः अक्षरं छापणार असाल तर लक्षात ठेवा, घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. पांढऱ्या अक्षरांसाठी पांढरा डेकल कागद (ज्यावरचं छापलेलं चित्र पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवता येतं) घेऊन भोवतीचा रंग छापावा लागतो. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूचं नाव बऱ्याच देशांत उलटं लिहितात, पुढच्या गाडीच्या आरशात सरळ दिसावं म्हणून. मी एकदा ते ‘सुधारून’ सरळ छापलं होतं.

काच परत लावताना सुपरग्लूला हात लावू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरा धुरकट थर धरते, आणि तो पुसून जात नाही. माझ्या एका सुंदर बंबाची पुढची काच अशीच गेली. शेवटी तिच्यावर धुळीचा थर रंगवून वायपरच्या अर्धगोलाएवढीच जागा स्वच्छ दाखवली आणि वेळ मारून नेली. पांढरा गोंद पुरतो, सुकल्यावर तो पारदर्शक होतो.

पाचवं: दिवे

०६०३ मापाचा एलईडी १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो, ०४०२ त्याहून लहान, १ बाय ०.५. तारा आधीच जोडलेले घ्या. एवढ्याशा तुकड्याला सोल्डर करण्याचा हट्ट पहिल्याच गाडीवर नको. एचओला ०६०३ ठीक, एनला ०४०२.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा छोटा भाग. हिशेब सोपा आहे: निळा किंवा पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. पुरवठा १२ व्होल्टचा असेल तर उरले ९. प्रवाह ३ मिलिअँपियर ठेवायचा तर ९ भागिले ०.००३, म्हणजे ३,००० ओहम. पाच व्होल्टच्या पुरवठ्याला ६८० ओहम पुरतो. पुस्तकं २० मिलिअँपियरपर्यंत जाऊ देतात, पण तेवढ्यात छोट्या गाडीचं दीपगृह होतं. खोलीतले दिवे मंद करून बघा आणि हवं तर रेझिस्टर आणखी वाढवा.

वीज रुळांमधून घेऊ नका. डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देऊन इंजिनं चालवायची पद्धत) लेआउटवर रुळांत दिशा बदलणारा प्रवाह असतो, त्यावर एलईडी थेट टिकत नाही. साध्या डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाच्या) लेआउटवर आगगाडी थांबली की बंबाचा दिवाही विझेल. रस्त्यासाठी १२ व्होल्टचा वेगळा डीसी अ‍ॅडॉप्टर ठेवा आणि लेआउटखालून दोन तारा फिरवा.

लुकलुकण्यासाठी तयार फ्लॅशर सर्किट मिळतात. वेग दर सेकंदाला दोन ते चार उघडझाप एवढा ठेवा. आणि दोन गाड्यांचे दिवे एकाच तालात लावू नका. दोन गाड्यांना दोन वेगळी सर्किटं द्या, म्हणजे ताल आपोआप सुटतो. खऱ्या घटनास्थळी दिवे कधीच एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती बेतालच नजर धरून ठेवते.

बॉडी आतून आधी काळी आणि मग रुपेरी रंगवा, नाहीतर अख्खा बंब लाल कंदिलासारखा आतून पेटतो. तारा चासीला दोन मिलिमीटरचं छिद्र पाडून खाली घ्या, तसंच छिद्र रस्त्याला. गाडी बंद करण्याआधी दिवा लावून बघा. बंद केल्यावर पुन्हा बघा.

एक युक्ती: दिवा असलेली गाडी फिक्या भिंतीजवळ ठेवा. अंधारात त्या भिंतीवर निळी झाक येते आणि जाते. दिव्यापेक्षा ती झाकच जास्त खरी वाटते.

धावत्या गाड्यांचा मोह होईल. फालर या जर्मन कंपनीची रस्त्यावर गाड्या चालवणारी प्रणाली १९८९ मध्ये आली. रस्त्याखाली पोलादी तार पुरलेली आणि गाडीच्या पुढच्या आसाला चुंबक, म्हणजे गाडी तारेमागे वळते. सुंदर प्रकार आहे, पण रस्ता तिच्याच हिशेबाने बांधावा लागतो. पहिल्या लेआउटवर नको.

सहावं: मळवणं

सगळ्या गाड्या सारख्याच मळवू नका. बंब आणि रुग्णवाहिका रोज धुतल्या जातात. त्यांना मॅट किंवा अर्ध-मॅट वार्निशचा हलका फवारा, फटींमधून पातळ काळपट रंग, चाकांच्या कमानीत थोडी धूळ, बस. फवाऱ्याआधी काचा काढा किंवा झाका. खाणीतला ट्रक मात्र चिखलात लोळलेला हवा. मळ खालच्या तिसऱ्या भागात असतो, मागच्या चाकांच्या मागे आणि मागच्या फाळक्यावर सगळ्यात जास्त. टपावर चिखल उडत नाही, तिथे ऊन लागून रंग फिका पडतो. मेकअपच्या स्पंजाने कोरडी रंगभुकटी थोपटली तर ब्रशच्या फटकाऱ्यांपेक्षा छान बसते.

शेवटचं: बसवणं

गाडी कायमची चिकटवू नका. चासीला खालून बारीक छिद्र पाडा, त्यात तारेची खुंटी बसवा आणि तिचं दुसरं टोक रस्त्यातल्या छिद्रात खोचा. धूळ झटकायला किंवा प्रसंग बदलायला गाडी सहज निघते.

रुळांजवळच्या प्रत्येक गाडीची परीक्षा घ्या. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत तिच्याजवळून न्या. वळणावर डब्याचा मध्य आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला झुकतात, त्यामुळे सरळ रुळावर सुटलेला आरसा वळणावर तुटतो. चार मीटर उंचीचा कंटेनर ट्रक एचओत ४६ मिलिमीटर होतो. तो पुलाखालून जातो का तेही याच वेळी बघा.

मग मोबाइल रस्त्यावर आडवा ठेवून, ड्रायव्हरच्या नजरेच्या उंचीवरून एक फोटो काढा. वरून न दिसलेलं सगळं त्यात दिसतं: एक चाक केसभर हवेत, काचेवर बोटाचा ठसा, रुग्णवाहिकेच्या दारामागून डोकावणारी तार. हवेतल्या चाकाखाली कागदाचा बारीक तुकडा सरकवा, राखाडी रंग लावा आणि पुन्हा फोटो काढा.